लालपत्तीची गोधडी

वसईजवळच्या होळी गावात जयरामच्या घराची खूण म्हणून पूर्वी लोक विहीर सांगत. आता विहिरीवर जाळी बसली, तिच्या पलीकडं चार मजली इमारत उभी राहिली आणि रिक्षावाल्यांना विहीर दिसेनाशी झाली. तेव्हापासून घराला दुसरी खूण आहे, पण ती थंडीपुरतीच चालते. नाताळच्या दिवसांत कुणालाही विचारा, "सरळ जा, फाटकाशी लालभडक झाड दिसेल, तेच घर," असं सांगतील. बाकीच्या महिन्यांत माणसानं शोधत बसावं.

ते झाड लालपत्तीचं. नर्सरीवाले तिला पॉइन्सेटिया म्हणतात, पण तो शब्द जयरामच्या तोंडात कधी बसला नाही. लाल दिसतात ती खरं तर फुलं नव्हेत, शेंड्याची पानंच असतात. फूल असतं ते त्यांच्या मधोमध, पिवळं, मुगाच्या दाण्याएवढं. थंडी पडली की ती पानं अशी रंगतात की रस्त्यानं जाणारा सायकल थांबवून बघतो.

जयराम सत्तरीच्या पुढचा. अंगानं काटक, बोलण्यात मागे. वाडवडिलांची खाडीलगत पानवेलीची वाडी होती, केळी होत्या. पुढं विहिरींचं पाणी मचूळ झालं, भावाभावांत वाटण्या झाल्या, वाडीच्या जागी इमारती आल्या. जयरामच्या वाट्याला घर आणि घरापुढचं अंगण राहिलं. दुसरा कुणी हळहळत बसला असता. जयरामनं अंगणातच वाडी मांडली, आणि तीही थंडीच्या फुलांची. मोगऱ्याचं कौतुक सगळेच करतात, पावसाळ्यात तर दगडावरही हिरवळ येते. पण थंडीत लोकांची अंगणं ओकीबोकी दिसतात, ते त्याला बरं वाटत नसे. म्हणून विहिरीजवळ कुंदा लावला, कुंपणाला पिवळी आणि जांभळी कोरांटी, आणि फाटकाच्या कोपऱ्यात लालपत्ती.

त्याची कामाची रीत ठरलेली. शिमगा झाला की सगळी झुडपं गुडघ्याइतकी छाटायची. पावसात नव्या फांद्यांचे शेंडे खुडायचे, म्हणजे झाड उंच न पळता अंगानं भरतं. आणि गणपती पाण्यात गेले की कात्रीला तेल लावून ती माळ्यावर टाकायची. त्यानंतर झाडाला लोखंड लावायचं नाही, कारण थंडीचे कळे त्याच कोवळ्या शेंड्यांत धरतात. लोक चुकतात ते इथंच. दिवाळीला घर झाडलं, भिंती रंगवल्या, की झाडंही न्हाव्याकडून आल्यासारखी दिसायला हवी असतात. माणिकपूरच्या सोसायटीत राहणाऱ्या वसुंधराबाई मार्गशीर्षातल्या गुरुवारी जयरामकडून फुलं न्यायच्या. एका वर्षी कोरांटीची रोपं घेऊन गेल्या आणि पुढच्या वर्षी तक्रार घेऊन आल्या.

"जयरामभाऊ, नुसती पानं! फूल म्हणून नाही."

"दिवालीत कापलीत का?"

"अहो, जराशी नीटनेटकी केली."

"मंग नीटनेटकीच राहिली ना," जयराम म्हणाला, आणि ओंजळभर फुलं त्यांच्या पिशवीत टाकली.

लालपत्तीची गोष्ट मात्र निराळी. ती प्लासिडमुळं आली. प्लासिड समोरच्या घरातला, बालपणापासूनचा सोबती. त्यानं कधीकाळी चर्चच्या आवारातून एक फांदी आणली, अर्धी स्वतःच्या दारात लावली, अर्धी जयरामला दिली. प्लासिडची सुकली, जयरामची लागली. "माझी जमीन वाईट," असं प्लासिड आजवर म्हणत आला. "तुझा हात वाईट," असं जयराम. तेव्हापासून दर नाताळला पहिल्या लाल फांद्या प्लासिडच्या घरी जातात. त्याची बायको क्लेमेंटीन येशूबाळाच्या जन्माचा गोठा मांडते, पेंढ्याचं छप्पर, मातीची गुरं, आणि छपरावर जयरामची लालपत्ती. फांदी तोडली की तिच्यातून दुधासारखा चीक गळतो. तो थांबला नाही तर फांदी संध्याकाळपर्यंत मान टाकते. म्हणून जयराम क्लेमेंटीनच्या शेगडीवर फांद्यांची टोकं धरून भाजतो, आणि ती दरवर्षी म्हणते, "जयरामभाऊ आले, आता माझा गॅस संपला."

जयरामचा मुलगा हरेश अंधेरीला नोकरीला. दोन वर्षांमागं त्यानं गाडी घेतली. गल्ली अरुंद, येणारे-जाणारे टेम्पो गाडीला ओरखडे काढून जात. हरेश एकदा बापाला म्हणाला, "बाबा, तो फाटकाचा कोपरा मोकळा केला तर गाडी आत बसेल. ते एकच झाड मध्ये येतं."

जयराम सहसा कुणाला नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी तो पटकन बोलून गेला, "ज्या नाताळाला ही लाल होनार नाय, त्या नाताळाला खुशाल काढ नि गाडी लाव."

ओटीवर प्लासिड चहा पीत बसला होता. त्यानं कप खाली ठेवला. "मी ऐकलंय हां. साक्षीदार हाय मी."

सगळे हसले. जयरामही हसला, कारण लालपत्ती कधी चुकली नव्हती.

यंदाच्या पावसात जयराम फाटकाजवळ शेवाळावरून घसरला. मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घालावं लागलं. हरेश इतका घाबरला की पुढच्याच रविवारी त्यानं फाटकाच्या खांबावर मोठा पांढरा दिवा बसवला आणि त्याच्या शेजारी कॅमेरा. अंधार पडला की दिवा आपोआप लागे, उजाडलं की आपोआप विझे. जयरामची बायको यमुना पहिल्या दिवशी बघतच राहिली.

"एवढा उजेड तर आपल्या लग्नातबी नव्हता," ती म्हणाली.

जयरामला भरून आलं होतं. पोरगा तोंडानं कधी बोलत नाही, पण बापासाठी खांबावर चढला. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यानं तो दिवा दाखवला.

दसरा गेला, दिवाळी गेली. कोरांटी फुलली, कुंद्याला कळ्या दिसू लागल्या. लालपत्ती मात्र हिरवीगार. पानं टवटवीत, फांद्या जोमदार, आजार म्हणून नाही. पण शेंड्याला तांबूस छटासुद्धा नाही. जयरामनं माती उकरून पाहिली, पाणी कमी केलं, शेणखत घातलं. काही उपयोग नाही. मग त्यानं स्वतःच्या मनगटाकडं बघायला सुरुवात केली. यंदा शेंडे डाव्या हातानं खुडले होते. आपला हात गेला, असं त्याच्या मनानं घेतलं. पानवेलीच्या वाडीत म्हातारी माणसं एक दिवस अशीच बांधावर बसून राहत, ते त्याला आठवलं.

"जयराम, यंदा हिरवा नाताळ काय?" प्लासिडनं कुंपणावरून विचारलं. "माझी लेक मर्लिन ठाण्यावरून प्लॅस्टिकची घेऊन आलीय. धुवायची नि परत लावायची. खत नको, पानी नको."

"मंग तुझ्या हातालाबी लागतील," जयराम म्हणाला. पण नेहमीचं हसू आलं नाही.

जयरामनं दिलेल्या शब्दाची हरेशनं एकदाही आठवण काढली नाही. तेच जयरामला जास्त जड गेलं. रोज संध्याकाळी पोरगा गाडी भिंतीला चिकटवून लावायचा, आरसा दुमडायचा, आणि झाडाकडं न बघता आत जायचा.

तुळशीचं लग्न लागून गेल्यावर यमुना पाण्याच्या काळ्या टाकीमागची सफाई करायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अवो, इकडं या! बिगीनं या!"

लालपत्तीची एक फांदी वाकून टाकीच्या मागं गेली होती. तिच्या शेंड्याची पानं लाल झाली होती. पुरती नव्हे, पण लाल.

जयराम टाकीला धरून उभा राहिला. एकच मूळ, एकच पाणी, एकच खत, मग ही एकटी का रंगली? दिवसभर तो तेच घोळवत राहिला. संध्याकाळी पायरीवर बसला असताना दिवा लागला. अंगण लख्ख झालं. टाकीची काळी सावली मागं भिंतीवर पडली, आणि ती फांदी नेमकी त्या सावलीत होती. बाकीचं झाड उजेडात न्हात होतं.

त्याला कळलं. थंडीची रात्र लांबते तेव्हा लालपत्ती रंगते. पण या झाडाला दिवस मावळल्याचं कुणी कळूच दिलं नव्हतं.

"मंग सांगा ना हरेशला," यमुना म्हणाली.

"काय सांगू? तू लावलेला दिवा वाईट? माझा हात मोडला म्हनून लावला त्यानं."

"झाड राहिलं तर हवं ना तुमाला?"

"हवं. पन मी शब्द दिलाय. आता काय बी बोललो तरी त्याला वाटंल, म्हातारा सबब सांगतो."

यमुना आत गेली आणि पलंगाखालून दोन जुन्या गोधड्या ओढून आणल्या. तिच्या सासूच्या लुगड्यांच्या, जाड, टाक्यांवर टाके घातलेल्या. "ह्या घ्या. ह्यांतून सूर्यबी दिसत नाय."

दुसऱ्या दिवशी जयरामनं झाडाभोवती चार बांबू रोवले, म्हणजे गोधडीचा भार फांद्यांवर पडू नये. त्या दिवसापासून दिवा लागायच्या आधी तो झाडावर दोन्ही गोधड्या घालायचा, कोपरे खाली ओढून विटांनी दाबायचा, आणि सकाळी चहाआधी काढायचा. दव पडून गोधड्या ओल्या होत, त्या दिवसभर कुंपणावर वाळत.

गल्लीला करमणूक झाली. इमारतीतल्या बायका गॅलरीतून विचारत, "काका, थंडी वाजते का झाडाला?" प्लासिड तर रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन दारात बसू लागला.

"पांघरून घातलंस, आता पाय चेपून दे."

"तुझे चेपून देईन. गप बस."

"नि अंगाई?"

एका रविवारी हरेश चहा पिताना म्हणाला, "बाबा, एक विचारू? मी ऑफिसात असतो आणि मोबाइल वाजतो, फाटकाशी हालचाल. बघतो तर तू झाडाला गोधडी घालतोयस. रोज. सगळं ठीक आहे ना?"

"दव पडतं," जयराम म्हणाला, आणि त्याचे कान तापले. पोराशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

हरेशनं बायकोकडं, जागृतीकडं पाहिलं. जागृतीनं खांदे उडवले. म्हाताऱ्या माणसाचं असतं काहीतरी, असं दोघांनी मनाशी ठरवलं.

मध्येच विरारला फुलपाड्यात भाचीचा साखरपुडा आला. सगळं घर गेलं. पंगत बसायची वेळ झाली आणि जयराम चपला शोधू लागला. त्याची बहीण आडवी आली.

"दादा, जेवन लागतंय नि तू कुठं चाललास?"

"घरी झोपवायचंय," जयरामच्या तोंडून निघून गेलं.

"कोनाला? नातवंडं तर इथं खेलतायत!"

यमुनानं पदर तोंडाला लावला. जयराम उपाशी निघाला तो रिक्षा बदलत बदलत घरी पोचला. दिवा नुकताच लागला होता. त्यानं गोधड्या घातल्या, विटा ठेवल्या, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन सकाळचा भात दह्याबरोबर खाल्ला. पंगतीपेक्षा तो भात त्याला गोड लागला.

मार्गशीर्षाच्या शेवटी शेंड्यांना तांबूस छटा आली. पण नाताळ तोंडावर येऊन ठेपला आणि छटा छटाच राहिली. झाडाला उशिरा कळलं होतं, ते उशिराच रंगणार. नाताळच्या आदल्या सकाळी जयरामनं माळ्यावरची कात्री काढली आणि टाकीमागची तेवढी एक फांदी कापली.

क्लेमेंटीननं गोठा मांडला होता. छपरावर मर्लिननं आणलेली प्लॅस्टिकची लाल फुलं होती, एकसारखी, चकचकीत. जयराम दारातच घुटमळला.

"या की जयरामभाऊ, गॅस तुमचीच वाट बघतोय," क्लेमेंटीन म्हणाली. टोक भाजून झाल्यावर तिनं मधली प्लॅस्टिकची फुलं उचलली आणि तिथं ती फांदी ठेवली.

"एकच?" प्लासिडनं विचारलं.

"एकच."

प्लासिडनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि बसायला खुर्ची पुढं केली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं जयरामला वाटलं.

नाताळच्या दिवशी जयरामचं सगळं घर नेहमीप्रमाणं प्लासिडकडं गेलं. केक झाला, करंज्या झाल्या. सगळ्यांच्या हातात चहा असताना जयराम म्हणाला, "हरेश, मी शब्द हरलो. नव्या वर्षात मानसं बोलव नि कोपरा मोकला करून घे."

हरेशचा कप हातातच राहिला. "बाबा, ते तू मस्करीत बोललास."

"बोललो ते बोललो."

"थांब थांब," प्लासिड खुर्चीत सरसावला. "साक्षीदाराला कोनी विचारलं? फांदी आली का नाय? ती बघ छपरावर."

"एक फांदी म्हंजे झाड नव्हं, प्लासिड."

"किती फांद्या ते तू बोलला नव्हतास."

"तू बी लबाड नि तुझी साक्षबी लबाड."

"पण बाबा," हरेश म्हणाला, "इतकी वर्षं चुकली नाही, मग यंदाच काय झालं तिला?"

जयराम कपात बघत राहिला. मग यमुना सावरून बसली.

"मी सांगते. मी कोनाला शब्द दिलेला नाय." आणि तिनं टाकीमागच्या फांदीपासून गोधड्यांपर्यंत सगळं सांगितलं. दिव्याचं सांगताना मात्र आवाज खाली आणला.

हरेशनं मोबाइल काढला. कॅमेऱ्यानं साठवलेली चित्रं एकामागून एक सरकवत राहिला. प्रत्येकात बाप होता, वाकलेला, गोधडीचे कोपरे खाली ओढणारा. एकात तर साखरपुड्याचे कपडे अंगावर होते.

"दव पडतं म्हणालास मला," तो हळूच म्हणाला.

"पडतंच की थोडं."

क्लेमेंटीनला पहिलं हसू फुटलं, मग सगळ्यांना. हरेशही हसला, पण डोळे पुसत. मग तो प्लासिडकडं वळला. "अंकल, तुमचा गोठा कधीपर्यंत असतो?"

"तीन राजांच्या सनापर्यंत. ते येशूबालाला भेटून गेले की मंग काढायचा. नव्या वर्षातला पहिला आठवडा धर."

"म्हणजे गोठा आहे तोवर नाताळ आहे?"

"हाय ना!"

"मग बाबा अजून हरला नाही. राजे येईपर्यंत थांबू."

जयराम काही बोलणार होता. "साक्षीदारानं मान्य केलंय," प्लासिड म्हणाला, आणि त्याच्या ताटलीत आणखी एक करंजी टाकली.

त्याच संध्याकाळी हरेशनं खांबावरचा दिवा बंद केला. पायऱ्यांपाशी, जमिनीलगत एक छोटा पिवळा दिवा लावला. त्याच्या उजेडात शेवाळ दिसे, झाड दिसत नसे. तरी जयरामची खात्री पटेना. तो पहिले दोन दिवस अंगणाच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभा राहून उजेड कुठवर जातो ते बघत राहिला. मग गोधड्या यमुनेच्या हातात दिल्या. तिनं त्या धुऊन कुंपणावर टाकल्या, तेव्हा गॅलरीतली एक बाई म्हणाली, "काकू, झाड बरं झालं वाटतं?"

समोरच्या घरात क्लेमेंटीन रोज सकाळी तीन मातीचे राजे गोठ्याकडं बोटभर सरकवत होती. कपाटावरून निघालेले ते उंटावरचे राजे खिडकीपर्यंत आले, मग फोटोच्या चौकटीपर्यंत. इकडं लालपत्तीचे शेंडे रोज थोडे उजळत होते. तांबूस, मग विटकरी, मग एका सकाळी फाटकाशी दूधवाल्यानं स्कूटर थांबवली आणि म्हणाला, "बाबा, झाली बघा."

पूर्वीसारखं पेटल्यासारखं झाड नव्हतं. गल्लीच्या बाजूच्या दोन फांद्या अजून हिरव्या होत्या. पण बाकीची लाल होती, आणि मधोमध ते मुगाएवढं पिवळंही आलं होतं.

तीन राजांच्या दिवशी जयरामनं हाताच्या कवेत मावतील तेवढ्या फांद्या कापल्या. मनगट दुखलं नाही. क्लेमेंटीननं गॅसचं नाव न काढता शेगडी पेटवली. राजे गोठ्याच्या दारात उभे होते. तिनं प्लॅस्टिकची सगळी फुलं उतरवली आणि छप्पर लालपत्तीनं झाकून टाकलं.

प्लासिड काठी टेकत आला, वाकून बघितलं. "राजेबी पोचले, हीबी पोचली. दोघांनाबी वाट लांबची."

"कोपरा?" जयरामनं हरेशकडं बघून विचारलं.

"कुठला कोपरा?" हरेश म्हणाला, आणि करंजीकडं हात नेला.

आता त्या प्लॅस्टिकच्या फुलांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. तो प्लासिडनं सोडवला. गल्लीत भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या हरेशच्या गाडीच्या आरशाला त्यानं सगळी फुलं सुतळीनं बांधली. तेव्हापासून टेम्पोवाले त्या लाल गुच्छाला बिचकून जरा अंतर ठेवून जातात. हरेशनं ती काढली नाहीत.

संध्याकाळी दोघे म्हातारे ओटीवर बसले. पायरीवरचा छोटा दिवा लागला, झाड अंधारात गेलं.

"शिमग्यानंतर छाटशील तेव्हा दोन काड्या मला दे," प्लासिड म्हणाला.

"तुझ्या हाताला लागायच्या नायत."

"का नाय? माझ्या दारात दिवा नाय."

जयराम हसला. "चार देतो," तो म्हणाला.